मालाचे वाहतूक-एकक आणि त्याची निवड (गोवा)

माल निघाल्यापासून पोचेपर्यंत जो ‘एक’ म्हणून उचलला जातो, मोजला जातो आणि पावतीवर चढतो, ते त्या मालाचे वाहतूक-एकक. खोका, गोणी, पिंप, पॅलेट (माल रचायचा सपाट पाट), आख्खी गाडी, कंटेनर, रेल्वेची वाघीण, नदीतला बार्ज (सपाट तळाची मालनौका) ही सगळी एककेच. ट्रान्स्पोर्टच्या गोदामात यासाठी साधा शब्द आहे, ‘नग’. एकच माल वाटेत दोन-तीन एककांतून जातो: खोका पॅलेटवर चढतो, पॅलेट कंटेनरमध्ये, कंटेनर ट्रेलरवर. भाडे, मोडतोड आणि लागणारा वेळ या तिन्ही गोष्टी बऱ्याच अंशी पहिल्या पायरीवर, म्हणजे खोका किती मोठा घेतला यावर ठरतात. व्यवहारात मात्र खोका शेवटी पाहिला जातो आणि गाडी आधी ठरते, हा उलटा क्रम फार महाग पडतो.

गोव्यात धान्य कुडवाने मोजत आणि २० कुडवांची खंडी धरत; नारळ आजही शेकड्यावर विकला जातो. ही मापे माणसाच्या हाताला आणि डोक्यावरच्या पाटीला बेतलेली होती. आजची एकके यंत्राला बेतलेली आहेत, तरी शेवटचा हात माणसाचाच लागतो. काजूगराचा डबा हे त्याचे उत्तम उदाहरण. काजूच्या व्यापारात डबा पूर्वापार २५ पौंडांचा, म्हणजे ११.३४ किलोचा. असे दोन डबे एका खोक्यात. तो २२.६८ किलोचा खोका एक हमाल एकट्याने उचलू शकतो. २० फुटी कंटेनरचा ठरलेला सौदा ७०० खोक्यांचा, म्हणजे १५,८७६ किलो निव्वळ काजूगर. डब्याची जागा अनेकांनी आता निर्वात पिशवीला दिली, पण खोक्याचे ५० पौंड हलले नाहीत.

निवडीतला मूळ प्रश्न एकच असतो: माल आधी वजनाने भरतो की जागेने? २० फुटी कंटेनरच्या आत सुमारे ३३ घनमीटर जागा असते आणि तो २८ टनांच्या आसपास माल पेलतो, अर्थात रस्त्यावरची वजनमर्यादा आड आली नाही तर. वरच्या काजूने जागा जवळपास संपते, वजन मात्र निम्म्याच्या थोडे वर राहते. लोहखनिजाचे नेमके उलट. ते घनमीटरला दोन-अडीच टन भरते, त्यामुळे अर्धा कंटेनरही भरायच्या आत वजनाची मर्यादा संपते. वेर्ण्याच्या औषध कारखान्यांतून निघणारी गोळ्यांची खोकी हलकी आणि जागाखाऊ. त्यांना ४० फुटी उंच कंटेनर परवडतो, कारण त्यात सुमारे ७६ घनमीटर जागा मिळते, पण वजनाची क्षमता २० फुटीपेक्षा फारशी वाढत नाही. जड मालाला २० फुटी आणि हलक्याला ४० फुटी, हा ठोकताळा याच हिशेबातून आला.

लोहखनिजासाठी गोव्याने जे एकक घडवले, ते देशात इतरत्र या प्रमाणावर क्वचितच दिसेल. खाणीवरून सुमारे दहा टनांचे टिप्पर धक्क्यावर येत, धक्क्यावर बार्ज भरे, आणि बार्ज मांडवी किंवा जुवारी नदीतून मुरगाव बंदराला जाई. दोन हजार टनांचा एक बार्ज म्हणजे दोनशे टिप्पर. दीड लाख टनांचे जहाज भरायला असे ७५ बार्ज पुरतात. तोच माल कंटेनरमध्ये घातला असता तर पाच हजारांहून अधिक कंटेनर लागले असते. बार्जचा आकारही कुणी कागदावर मनाला येईल तसा ठरवला नाही. नदीची खोली, भरती-ओहोटी आणि पुलांखालची उंची यांनी तो ठरवला. पावसाळ्यात आग्वादजवळ मांडवीच्या मुखाशी वाळूचा बांध आणि उसळता समुद्र यांमुळे वाट बंद होते. तेव्हा मांडवीतले बार्ज कुंभारजुवे कालव्यातून जुवारीत उतरून मुरगाव गाठतात. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा ही सगळी साखळी थांबली. एका मालासाठी इतके नेमके बेतलेले एकक दुसऱ्या मालाला सहजी लागू होत नाही, हे बांधून ठेवलेल्या बार्जांच्या रांगांनी दाखवून दिले.

कंटेनरची कल्पना अमेरिकेतली. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन यांच्या ‘आयडियल एक्स’ या जहाजाने ५८ कंटेनर नेवार्कहून ह्यूस्टनला नेले. १९६८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकांनी त्यांची मापे एकसारखी केली. मुरगाव हे १९६३ पासून प्रमुख बंदर असले तरी तिथला कंटेनरचा व्यवहार थोडा आहे. मोठ्या जहाजांच्या सोयीसाठी गोव्यातला बराच निर्यात माल मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदराला जातो. कंटेनर भरण्याइतका माल नसेल तर तो इतरांच्या मालासोबत सामाईक कंटेनरमध्ये जातो आणि भाडे घनमीटरवर किंवा टनावर, जे जास्त भरेल त्यावर लागते. व्यापाऱ्यांचा अंदाज असा की माल १३ ते १५ घनमीटरच्या पुढे गेला की आख्खा २० फुटी घेतलेला बरा. माल नाजूक असेल तर त्याआधीच घ्यावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. सामाईक कंटेनरचा माल गोदामात एकदा उतरतो आणि पुन्हा चढतो, आणि खोकी फुटतात ती बहुधा तिथेच.

पॅलेटबाबत निर्णय फोर्कलिफ्टवर (पॅलेट उचलणाऱ्या यंत्रगाडीवर) सोपवावा. दोन्ही टोकांना फोर्कलिफ्ट असेल तर १२०० × १००० मिलिमीटरची दहा पॅलेटे २० फुटी कंटेनरच्या तळावर बसतात आणि कंटेनर तासाभरात रिकामा होतो. एका टोकाला हमालच उतरवणार असतील तर पॅलेट नुसती जागा आणि वजन खाते. परदेशी जाणारे लाकडी पॅलेट आयएसपीएम १५ या नियमानुसार गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवलेले, किंवा नियमातल्या दुसऱ्या मान्य पद्धतीने किडमुक्त केलेले, आणि शिक्का मारलेले लागते.

रस्त्यावरची एकके फुटांत बोलली जातात. गल्लीबोळासाठी ‘छोटा हत्ती’, त्यावर पिकअप, मग १४, १७, १९ फुटी गाड्या आणि ३२ फुटी बंद गाडी. गाडी मागवताना माल किती टन हे सगळे सांगतात. सर्वांत लांब नग किती फूट आणि फाळका उघडून माल मागून भरायचा की बाजूने, हे सांगायचे राहून जाते. म्हापशाच्या किंवा मडगावच्या जुन्या बाजारात ३२ फुटी गाडी दुकानापर्यंत पोचतच नाही. बाहेर उभी करून छोट्या गाडीत माल फिरवावा लागतो आणि वाचलेले भाडे हमालीत जाते. चोर्ला आणि अनमोड घाटांतली वळणे, तिथला पाऊस यांचाही विचार करावा लागतो. यावर कोकण रेल्वेने वेगळा तोडगा काढला. २६ जानेवारी १९९९ पासून कोलाड ते वेर्णा रो-रो सेवा सुरू झाली. भरलेला ट्रक चालकासह वाघिणीवर चढतो, म्हणजे इथे ट्रकच नग होतो आणि मालाला मधे कुणाचा हात लागत नाही. कंटेनरच्या आख्ख्या गाडीत ४५ वाघिणींवर २० फुटी ९० कंटेनर मावतात, पण तेवढा माल एका वेळी जमवणे हे एकट्या कारखान्याचे काम नव्हे. बाळ्ळीचे मालकेंद्र अशा जमवाजमवीला उपयोगी पडते.

पार्सलच्या दुनियेत खोक्यातल्या हवेचेही भाडे लागते. डिचोलीच्या मातीच्या भांड्यांचे उदाहरण घेऊ. भांडी पेंढ्यात गुंडाळून ६० × ४५ × ४० सेंटिमीटरच्या खोक्यात भरली. काट्यावर वजन ७ किलो. कुरियरच्या नेहमीच्या रीतीने लांबी, रुंदी आणि उंची यांचा गुणाकार १,०८,००० येतो, त्याला ५,००० ने भागले की २१.६ किलो. भाडे या आकड्यावर लागते, ७ वर नव्हे. विमानमालात भागाकार सहसा ६,००० ने करतात, तरी १८ किलो होतातच. तीच भांडी एकात एक बसवून, मधे पुठ्ठ्याच्या पट्ट्या घालून ५० × ४० × ३० च्या खोक्यात बसवता आली तर हिशेब १२ किलोवर येतो. शिवाय पेंढ्यात भांडी एकमेकांवर आदळतात, पट्ट्यांत आदळत नाहीत. भाडे वाचवायला खोके लहान करावे, पण भांड्याच्या काठापासून पुठ्ठ्यापर्यंत दोन बोटे जागा सोडावीच.

स्पीड पोस्टाने ३५ किलोपर्यंतचा नग जातो. रेल्वे पार्सलला मडगावसारखे मोठे स्थानक हवे. दोन मिनिटे थांबणाऱ्या गाडीत दहा नग चढत नाहीत. दाबोळी आणि मोपाहून उडणाऱ्या विमानांत उंचीची मर्यादा कडक असते. एअरबस ए-३२० च्या पोटाचे दार सुमारे सव्वा मीटर उंच, बोइंग ७३७ चे त्याहूनही कमी. मे महिन्यात मानकुराद आंबे मुंबईच्या नातेवाइकांकडे रात्रीच्या खासगी बसने जातात. डिकीतल्या उष्म्यात मोठी पेटी खालच्या थरापासून दबते आणि पिकते, म्हणून जाणते बागायतदार आंब्याच्या दोन थरांपलीकडे पेटी भरत नाहीत. फेणी राज्याबाहेर न्यायची तर एकक निवडण्याआधी उत्पादन शुल्क खात्याचा परवाना पाहावा लागतो.

कागदही एककाला चिकटून असतात. ५०,००० रुपयांवरच्या मालाला सहसा ई-वे बिल (जीएसटीखालचे ऑनलाइन वाहतूकपत्र) लागते आणि त्यात गाडीचा क्रमांक असतो. वाटेत गाडी बदलली तर तो बदलावा लागतो. नेहमीच्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस मुदत मिळते, अवजड आणि आडमाप मालाला २० किलोमीटरला एक दिवस. १ जुलै २०१६ पासून जहाजावर चढणाऱ्या प्रत्येक भरलेल्या कंटेनरचे प्रमाणित वजन आधी कळवावे लागते. ते वजन नाही, तर कंटेनर धक्क्यावरच राहतो.