आवाज तोच, खोली वेगळी

थिएटरमध्ये ढग गडगडतात तेव्हा ते पोटात जाणवतं. तोच चित्रपट घरी लावला की गडगडाट नुसता ऐकू येतो. थिएटरला अस्सल आवाज मिळतो आणि घरी त्याची पातळ केलेली प्रत येते, असं आपण धरून चालतो. निदान एका काळापुरतं खरं चित्र याच्या उलट होतं.

1992 साली डॉल्बी डिजिटल, म्हणजे आवाज आकड्यांच्या रूपात साठवण्याची एक पद्धत, थिएटरांत आलं. चित्रपट तेव्हा 35 मिलिमीटरच्या फिल्मवर असत आणि फिल्मच्या कडेला असलेल्या भोकांच्या मधली जागा रिकामी होती. तिथे 76 गुणिले 76 ठिपक्यांचा चिमुकला चौकोन छापायचं ठरलं. एका फ्रेमला चार भोकं, सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे दर सेकंदाला 96 चौकोन वाचायचे. फिल्मची कडा यंत्रात घासली जाते, तिथे ओरखडे पडतात. म्हणून बरेच ठिपके चुका दुरुस्त करण्यासाठी राखावे लागले आणि सहा चॅनेलच्या, म्हणजे वेगवेगळ्या स्पीकरांसाठीच्या सहा स्वतंत्र आवाजांसाठी सेकंदाला 3 लाख 20 हजार बिट (0 किंवा 1 हे आकडे) उरले. मला ही युक्ती आजही थक्क करते. पुढे याच पद्धतीचा आवाज डीव्हीडीवर आला. तिथे 4 लाख 48 हजार बिटपर्यंत मुभा होती. थिएटरपेक्षा जास्त!

कच्च्या स्वरूपात सहा चॅनेलना सेकंदाला सुमारे 46 लाख बिट लागतात. मग एवढ्या थोड्यात ते बसले कसे? कुकरची शिट्टी होत असते तेव्हा रेडिओवरचं गाणं चालू असूनही आपल्याला ऐकू येत नाही. मोठा आवाज जवळच्या पट्टीतल्या लहान आवाजाला झाकतो. कानाला जे कळणारच नाही त्यावर बिट खर्च करायचे नाहीत, हे या तंत्राचं मर्म.

आजच्या डिजिटल थिएटरांत मुख्य चॅनेलचा आवाज न दाबता, म्हणजे त्यातलं काहीही न गाळता येतो. ब्लू-रे डिस्कवर ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ या पद्धतींनी साठवलेला आवाज उलगडला की मूळ आवाज बिटन् बिट परत मिळतो. स्ट्रीमिंगवर मात्र तो पुन्हा दाबलेला असतो. म्हणजे चांगल्या डिस्कपुरतं बोलायचं तर घर थिएटरच्या मागे नाही. फरक पडतो तो खोलीत आणि आपल्या कानात.

थिएटरची पातळी मोजून लावलेली असते. चाचणीसाठी ठरवलेली खरखर पडद्यामागच्या प्रत्येक स्पीकरमधून 85 डेसिबलनं ऐकू यावी असा नियम आहे. त्या हिशेबानं एका चॅनेलचा सगळ्यात मोठा आवाज 105 डेसिबलला जातो, खास खर्जासाठीच्या चॅनेलचा 115ला. चित्रपटाचं मिक्सिंग याच पातळीवर ऐकत केलेलं असतं. घरी आपण शेजाऱ्यांचा विचार करून आवाज 20 डेसिबलनं उतरवतो. आता स्फोट सुसह्य होतो, पण 40 डेसिबलची कुजबुज 20वर येते आणि पंख्याच्या घरघरीत बुडते. मग संवादासाठी आवाज वाढवायचा, मारामारी सुरू झाली की पुन्हा कमी करायचा. रिमोट हातातून सुटत नाही, त्याचं कारण हे.

शिवाय कान सगळ्या स्वरांना सारखा न्याय देत नाही. 1933 साली बेल लॅबमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून दाखवलं की आवाज लहान झाला की खर्ज आपल्याला इतर स्वरांपेक्षा जास्त लवकर ऐकू येईनासा होतो. म्हणजे आवाज 20 डेसिबलनं उतरवला की ढगांच्या गडगडाटातलं पोटात जाणवणारं तेवढंच आधी नाहीसं होतं.

राहिला खोलीचा प्रश्न. 20 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 20 कंपनांच्या खर्जाची एक लाट 17 मीटर लांब असते. मोठ्या सभागृहात ती पसरू शकते. बारा फुटी खोलीत 47 हर्ट्झच्या आसपासचा स्वर समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकतो. भिंतीजवळ तो घुमतो, मधोमध जवळपास नाहीसा होतो. याला महागडा स्पीकरही काही करू शकत नाही. सोफा खोलीच्या बरोबर मध्यावर असेल तर तो हात-दीड हात मागे सरकवून ऐका. मी स्पीकर बदलण्याआधी सगळ्यांना हेच करायला सांगतो.

संवादांचंही तसंच. थिएटरच्या पडद्याला बारीक छिद्रं असतात आणि मधला स्पीकर त्याच्या मागे असतो, त्यामुळे शब्द थेट पात्राच्या तोंडून आल्यासारखा वाटतो. घरच्या टीव्हीचे स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड करून असतात, आणि शब्द टेबलावर किंवा भिंतीवर आपटून मग आपल्यापर्यंत पोहोचतो. टीव्हीखाली एक साधा साउंडबार कानाच्या दिशेनं ठेवला तरी बोलणं स्पष्ट होतं. पंखा बंद करता आला तर कुजबुजही ऐकू येते.