कडकडाट की गडगडाट?
‘विजांचा कडकडाट आणि ढगांचा गडगडाट’ ही जोडी बातम्यांमध्ये इतकी रुळली आहे, की एक आवाज वीज करते आणि दुसरा ढग, असंच वाटावं. ढगावर ढग आपटतो म्हणून गडगडतं, असं मुलांना अजूनही सांगितलं जातं. खरं तर दोन्ही आवाज विजेचेच.

वीज ज्या वाटेने जाते तिथली हवा क्षणार्धात सुमारे ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि स्फोटासारखी प्रसरण पावते. ही वाट जवळ असेल तर तो धक्का एकदम कानावर आदळतो, तो कडकडाट. पण वाट काही किलोमीटर लांबीची आणि वाकडीतिकडी असते. आपण दूर असलो की तिच्या वेगवेगळ्या भागांतला आवाज मागेपुढे पोहोचतो, तीक्ष्ण स्वर हवेतच विरतात, खर्ज उरतो आणि डोंगर त्याचे प्रतिध्वनी परतवतात. हा गडगडाट. सह्याद्रीच्या दऱ्यांत तो संपता संपत नाही.

शब्दही आवाजावरूनच घडले आहेत. कडकड, गडगड या नादांना ‘आट’ जोडला, जसा खडखडाटात. ‘क’ म्हणताना गळा कंप पावत नाही, ‘ग’ म्हणताना पावतो. कोरडा आघात आणि घुमणारा नाद यांतला फरक भाषेने किती नेमका पकडला आहे! म्हणून फांदी कडकन मोडते आणि टाळ्यांचा कडकडाट होतो. दरडीवरचा दगड मात्र गडगडत खाली येतो, आणि त्याच्यासारखेच कांद्याचे भावही गडगडतात. हसणंही गडगडाटी. हवामान अंदाजातली ‘मेघगर्जना’ संस्कृतातून आलेली. तिच्यात हा भेद नाही.

आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंतच्या दर तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर धरा. पण नुसता गडगडाट आहे, म्हणजे वीज लांब आहे, असं समजून शेतात काम चालू ठेवू नका. पाऊस पडतोय तिथून दहा-दहा किलोमीटरवरही वीज पडू शकते. गडगडाट ऐकू आला की पक्क्या घरात जा, झाडाखाली नको, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी बाहेर पडू नका.