हे रंग तुम्ही भरले की ओ?

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका गच्चीवर चादर टांगून आम्ही पडदा केला होता. त्यावर जेम्स वेब या अवकाशातल्या दुर्बिणीनं टिपलेला कॅरिना तेजोमेघाचा, म्हणजे वायू आणि धुळीच्या एका प्रचंड ढगाचा, फोटो लावला: खाली गंजासारखे तांबूस धुळीचे कडे, वर निळं आकाश, मधे टिकल्यांसारखे तारे. पोरं ओरडली. मागं खुर्चीत एक आजोबा बसले होते, आयुष्य विणकामाच्या मागावर काढलेले. ते शांतपणे म्हणाले, “हे रंग तुम्ही भरले की ओ?”

पूर्वी असा प्रश्न आला की मी गडबडायचो. घाईनं “नाही नाही, खरं आहे” म्हणत पुढचा फोटो लावायचो. आता कार्यक्रमाची सुरुवातच या प्रश्नानं करतो. अवकाश दुर्बिणींच्या फोटोंवरून लोकांना खगोलशास्त्र शिकवायचं तर फोटो कसा बनतो हे आधी उघड सांगावं, असं माझं मत झालंय. नुसतं “वा!” म्हणून घरी गेलेला माणूस काही शिकून गेलेला नसतो.

त्यासाठी लागतो टीव्हीचा रिमोट. रिमोटचं पुढचं टोक डोळ्यांसमोर धरून बटण दाबा, काही दिसत नाही. तेच मोबाईलच्या कॅमेऱ्यातून बघा, जांभळट-पांढरा दिवा लुकलुकतो. (मागच्या कॅमेऱ्यात दिसलं नाही तर सेल्फीचा वापरा, काही फोनमध्ये मागच्या भिंगापाशी हे किरण अडवणारी काच असते.) रिमोटमधून निघतो तो अवरक्त प्रकाश. आपल्या डोळ्यांना तो दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो आणि कॅमेरा त्याला आपल्याला कळेल असा रंग देतो. मग तो जांभळा रंग खोटा का? उजेड खरा आहे, जागा खरी आहे, रंग तेवढा उसना. वेबचंही असंच आहे.

अवरक्ताची ओळख सोलापूरकरांना वेगळी करून द्यायची खरं तर गरज नाही. मे महिन्यात दिवस बुडून दोन तास झाले तरी पश्चिमेच्या भिंतीजवळून जाताना गालाला धग लागते. भिंत चमकत नाही, तरी तिच्यातून किरण येत असतात. प्रत्येक उबदार वस्तू असा अदृश्य उजेड टाकते, तुमचं-माझं अंगसुद्धा. दुर्बीणही टाकणार! वेब आपल्या भिंतीसारखी तापली असती तर दूरच्या आकाशगंगांचा क्षीण उजेड तिच्या स्वतःच्याच धगीत बुडाला असता. म्हणून २५ डिसेंबर २०२१ ला निघालेली ही दुर्बीण पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर नेऊन ठेवली आणि तिच्यावर टेनिसच्या मैदानाएवढी, पाच पदरांची छत्री धरली. छत्रीची सूर्याकडची बाजू सुमारे ८५ अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि सावलीतली बाजू उणे २३० च्या आसपास राहते. पाच पातळ पदर आणि मधली मोकळी जागा, बस.

रंगांकडे परत येतो, कारण इथं आजोबाच माझे गुरू निघाले. वेबच्या कॅमेऱ्याला रंग कळतच नाहीत. त्याच्याकडे चौकटी असतात, प्रत्येक चौकटीत किती उजेड पडला एवढा आकडा. पुढं एक फिल्टर लावायचा, ठरावीक लांबीच्याच लहरी आत घ्यायच्या, एक काळा-पांढरा फोटो घ्यायचा. मग दुसरा फिल्टर, दुसरा फोटो. कॅरिनाच्या या चित्रासाठी असे सहा फिल्टर वापरले. हे सांगत होतो तेवढ्यात आजोबा म्हणाले, “म्हणजे नक्षीचा कागद.”

बरोबर तेच! जॅकार्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावरच्या, चादरीची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर उतरवतात. चौकट भरलेली की रिकामी, त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डात भोक पडतं की नाही ते ठरतं, आणि भोक असेल तिथला ताण्याचा (उभा) धागा वर उचलला जातो. त्या कागदात मोर आहे, पण मोराचा रंग नाही. बाण्याला (आडव्या धाग्याला) कोणतं सूत लावायचं हे नंतर ठरतं. हिरवं लावा, मरून लावा, मोर तोच राहतो. शास्त्रज्ञ सूत निवडतात ते मात्र मनाच्या लहरीनुसार नाही, प्रकाशाच्या लहरींनुसार: ढोबळ मानानं आखूड लहरींना निळा, लांब लहरींना तांबडा. इंद्रधनुष्यातही क्रम तोच असतो.

कधी हा क्रम मुद्दाम मोडतातही. हबल या आधीच्या अवकाश दुर्बिणीनं १९९५ साली टिपलेल्या गरुड तेजोमेघातल्या त्या प्रसिद्ध खांबांच्या चित्रात गंधकाचा उजेड तांबडा, हायड्रोजनचा हिरवा आणि ऑक्सिजनचा निळा दाखवलाय. हायड्रोजनचा तो उजेड मुळात तांबडाच. पण गंधकाचाही तांबडा, तेव्हा दोन्ही तसेच ठेवले असते तर कुठं काय आहे ते कळलं नसतं. इथं रंग नकाशाच्या रंगांसारखे वाचायचे.

प्रत्येक चित्राला टाळ्या पडतात असंही नाही. वेबनं डब्ल्यूएएसपी-३९ बी या सुमारे ७०० प्रकाशवर्षं दूरच्या ग्रहाच्या वातावरणात कार्बन डायऑक्साईड असल्याचा स्पष्ट पुरावा २०२२ मध्ये दिला. सूर्यमालेबाहेरच्या ग्रहाच्या बाबतीत असा स्पष्ट पुरावा पहिल्यांदाच मिळाला. पण तो पुरावा म्हणजे प्रकाश फोडून काढलेला एक आलेख आणि त्यात एक उंचवटा. तो दाखवला की पोरं चिवड्याकडे वळतात. त्यावर उपाय मला अजून सापडलेला नाही. त्यातल्या त्यात १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाची गोष्ट कामी येते. तेव्हा असाच प्रकाश फोडून बघणारी इंग्रजांची एक तुकडी आपल्या शेजारच्या जमखिंडीला तळ ठोकून होती. त्या ग्रहणात फोडलेल्या प्रकाशात दिसलेल्या पिवळ्या रेषेचा माग काढता काढता हेलियम सापडला. जमखिंडी म्हटलं की निदान थोरल्यांचे कान टवकारतात.

आकार सांगायला मात्र मालदांडी ज्वारी पुरते. टपोरा दाणा चिमटीत धरून हात लांब करा, पौर्णिमेचा चंद्र जवळजवळ झाकला जातो. आता दाणा टाका आणि बारीक रव्याचा एक कण धरा. जुलै २०२२ मध्ये आलेल्या वेबच्या त्या पहिल्या खोल, म्हणजे खूप दूरचं दाखवणाऱ्या, चित्रात आकाशाचा एवढाच तुकडा आहे, आणि त्यात हजारो आकाशगंगा. मुलं मग घरभर रवा सांडतात, आयांची बोलणी मी खातो.

आजोबा आले त्या रात्री एप्रिलचे सुरुवातीचे दिवस होते. नऊ वाजून गेले होते, अगस्त्य तारा नैऋत्येला कलला होता. कॅरिना तेजोमेघ त्याच्या डावीकडे, दक्षिण क्षितिजाच्या वर, हात लांब करून धरलेल्या मुठीहून थोडा उंच. लंडनवरून तो कधीच उगवत नाही. सोलापूरवरून दिसतो, फक्त दक्षिणेला उजेड कमी हवा. सुमारे ७,६०० प्रकाशवर्षं दूरचा तो डाग साध्या द्विनेत्रीत (बायनॉक्युलरमध्ये) आणायला मला दहा मिनिटं लागली. आजोबांनी डोळे लावले, बराच वेळ हलले नाहीत.

“राखाडी आहे की ओ. रंग कुठाय?”

डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशींना एवढा अंधूक उजेड पुरत नाही, असं मी सांगू लागलो. त्यांनी हातानंच थांबवलं. “असू दे, नक्षी दिसली,” म्हणाले आणि परत डोळे लावले. मागं पोरांची रांग वाढत होती.