"पैसे खाल्ले नाहीत" म्हणजे काळजी घेतली असं होत नाही: डायरेक्टरची दोन वेगळी कर्तव्यं

"मी कंपनीचा एक रुपया खाल्ला नाही, मग माझ्यावर काय येणार?" हे डायरेक्टर लोक फार मनापासून म्हणतात आणि बऱ्याचदा ते खरंही असतं, पण हे उत्तर निष्ठेच्या प्रश्नाचं झालं, काळजीचा प्रश्न तसाच राहतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १६६ मध्ये दोन्ही वेगळे आहेत. उपकलम ३ म्हणतं वाजवी काळजी, कौशल्य, दक्षता ठेवा आणि स्वतःचं डोकं वापरा. उपकलम ४ म्हणतं तुमचा स्वार्थ कंपनीच्या हिताशी भिडेल अशा व्यवहारात पडू नका.

समजा एक शेतकरी उत्पादक कंपनी आहे. एका डायरेक्टरने मेव्हण्याची कांदाचाळ कंपनीला भाड्याने दिली, आपलाही त्यात हिस्सा आहे हे बोर्डाला सांगितलंच नाही. भाडं बाजारभावाचंच होतं, कंपनीचं नुकसान शून्य, तरी निष्ठा मोडली. आधी सांगून, मतदानातून बाजूला राहून, रीतसर मंजुरी घेतली असती तर हाच व्यवहार चालला असता. आणि गैरफायदा घेतल्याचं सिद्ध झालं तर तेवढी रक्कम कंपनीला भरावी लागते.

आता त्याच बोर्डावरचा दुसरा, अगदी सरळ माणूस. ऑडिटरने रिपोर्टात लिहिलंय की वहीतला स्टॉक आणि गोडाऊनमधला माल जुळत नाही, पण याचं डिजिटल सहीचं टोकन (ऑनलाइन सही करायचा पेनड्राइव्ह) सीएच्या ड्रॉवरमध्ये आणि हा फोनवर सांगतो, "साहेब, तुम्हीच लावा सही, तुमच्यावर विश्वास आहे." खिशात काही गेलं नाही, पण काळजीचं कर्तव्य मोडलं, आणि इथे नंतर काही जाहीर करून सुटका नाही.

मात्र तोटा झाला म्हणजे निष्काळजीपणा झाला असं अजिबात नाही हं. बाजारभाव बघून, चर्चा करून माल चाळीत ठेवला आणि भाव पडला, तर तो धंद्यातला धोका. निर्णय कसा घेतला ते बघतात.

पूर्वी कोर्टं फार सैल होती. ब्रिटनमध्ये मार्क्विस ऑफ ब्यूट हे सरदार सहा महिन्यांचे असताना एका बचत बँकेचे अध्यक्ष झाले, ३८ वर्षांत एकाच मीटिंगला गेले, तरी १८९२ मध्ये सुटले. आपल्या सुप्रीम कोर्टाने तेंडोलकर प्रकरणात १९७३ मध्येच सांगितलंय की वरवर बघणाऱ्यालाही दिसेल अशा गोष्टीकडे डायरेक्टरला डोळेझाक करता येत नाही. आज सलग १२ महिने एकाही बोर्ड मीटिंगला गेला नाहीत तर पदच जातं, रजा मंजूर असली तरी.

कलम ४६३ खाली कोर्ट माफी देऊ शकतं, पण माणूस प्रामाणिकपणे *आणि* वाजवीपणे वागला असेल तर, दोन्ही हवं. म्हणून आईला, बायकोला "नुसतं नावाला" डायरेक्टर करताना विचार करा, कायद्यात असा नावापुरता प्रकार नाही. आणि बोर्डात काही पटलं नाही तर तोंडी बोलून थांबू नका, विरोध मिनिट्समध्ये, म्हणजे मीटिंगच्या नोंदीत, लिहून घ्या.