‘शॅल’ आणि ‘शुड’ : एका क्रियापदावर अडलेला करार

१२ डिसेंबर २०१५च्या संध्याकाळी पॅरिसच्या हवामान परिषदेची अंतिम बैठक बराच वेळ खोळंबली. कराराच्या कलम ४च्या चौथ्या परिच्छेदात विकसित देशांनी उत्सर्जन कपातीत पुढाकार घेत राहावे, असे म्हणताना मसुद्यात ‘शॅल’, म्हणजे बंधनकारक शब्द, पडले होते. अमेरिकेला तिथे ‘शुड’, म्हणजे नुसती अपेक्षा, हवे होते. कपातीची लक्ष्ये कायदेशीर बंधन ठरली असती, तर करार दोन-तृतीयांश बहुमतासाठी अमेरिकेच्या सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, न्यावा लागला असता, आणि तिथे तो टिकण्याची आशा नव्हती. शेवटी तांत्रिक दुरुस्त्यांच्या यादीत हा बदलही वाचून दाखवला गेला आणि करार मंजूर झाला.

बदलाच्या बाजूने एक मुद्दा होता. त्याच परिच्छेदात विकसनशील देशांसाठी ‘शुड’च होते, मग दोन्हीकडे सारखा शब्द असावा. पण मुळात जबाबदारी सारखी नाही, हीच तर या वाटाघाटींची जुनी भूमिका. ज्या शब्दावरून करार मोडू शकत होता, त्याच्या बदलाला तांत्रिक दुरुस्ती म्हणणे पटत नाही. करार वाचला ही जमेची बाजू खरीच, तरी किंमत कोणी मोजली हे स्पष्ट लिहायला हवे.

‘शॅल’ या क्रियापदाचे मूळ देण्याघेण्यात आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘देणे लागणे’ असा होता. कर्ज आणि दोष या दोन्हींसाठी जर्मनमध्ये असलेला ‘शुल्ड’ हा शब्द त्याच कुळातला. पुढे त्यात भविष्यकाळ मिसळला. १६५३ साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या एका इंग्रजी व्याकरणाने प्रथमपुरुषी ‘शॅल’ म्हणजे भाकीत आणि इतर पुरुषांत वचन किंवा धमकी, अशी वाटणी केली. ती पाठ्यपुस्तकांत टिकली, बोलण्यात फारशी नाही.

कायद्याच्या भाषेत मात्र या शब्दाचा अतिवापर झाला. ‘अधिकारी नोटीस देईल’ इथेही ‘शॅल’ आणि ‘या शब्दाचा अर्थ असा राहील’ इथेही ‘शॅल’. पहिले कर्तव्य, दुसरी नुसती व्याख्या. त्यामुळे अमुक ‘शॅल’ अनिवार्य की निदेशात्मक, म्हणजे नुसते मार्गदर्शक, हा वाद न्यायालयांत वारंवार येत राहिला. कायद्याच्या लिखाणात हा शब्द कधीकधी ‘मे’च्या, म्हणजे मुभेच्या, अर्थानेही येतो, हे १९९५च्या एका अमेरिकी निकालाने मान्य केले. तोवर ऑस्ट्रेलियातले मसुदाकार ‘मस्ट’कडे, म्हणजे ‘केलेच पाहिजे’कडे, वळू लागले होते. अमेरिकेच्या संघीय दिवाणी प्रक्रियेचे नियम २००७मध्ये नव्याने लिहिताना ‘शॅल’ काढून टाकले गेले. इंटरनेटच्या तांत्रिक नियमावलीने १९९७मध्येच वेगळा मार्ग धरला होता: ‘मस्ट’ आणि ‘शॅल’ एकाच अर्थाचे, आणि ‘शुड’ म्हणजे सबळ कारण असेल तर मोडता येईल अशी शिफारस.

पॅरिसचे मसुदाकार हा फरक पुरता ओळखून होते. प्रत्येक देशाने आपले योगदान ठरवून कळवायचे, तिथे ‘शॅल’ आहे. ते योगदान प्रत्यक्षात गाठलेच पाहिजे, असे बंधन मात्र कुठेच नाही. कलम ९मध्ये विकसित देशांनी अर्थसाहाय्य द्यायचे म्हटले आहे, तिथेही ‘शॅल’च आहे, पण किती द्यायचे तो आकडा कलमात नाही.