सोलापूरच्या कोरड्या हवेत कॅमेऱ्याच्या लेन्सला बुरशी धरत नाही?

"सोलापुरातच वापरलेली लेन्स आहे, बिनधास्त घ्या, इथं बुरशी धरत नाही." जुनी लेन्स घेताना हे हमखास ऐकू येतं. ते खरं नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४० च्या वर जातो, कबूल. पण सप्टेंबरच्या पावसात बंद कपाटातल्या फोमच्या बॅगेत ओल टिकून राहते. दमटपणा ६०-७० टक्क्यांच्या वर राहिला की बुरशीला तेवढं पुरतं. शिवाय ती लेन्स त्याआधी मुंबईत होती की कोकणात, कोणाला ठाऊक?

म्हणून दुकानात संकोच करू नका. दोन्ही टोपणं काढा, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र) पूर्ण उघडा, मागून मोबाईलचा टॉर्च तिरपा मारा. काचेच्या कडेकडून आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू पसरलेले दिसले, तर ती बुरशी. धुळीच्या चार-दोन कणांना घाबरू नका, फोटोत ते सहसा उमटत नाहीत.

"दोन दिवस उन्हात ठेवा, जाईल" हेही मानू नका. वाढ थांबली तरी तंतू आतच राहतात, आणि त्यांच्या आम्लानं काचेवरचा पातळ थर, म्हणजे कोटिंग, खाल्लं असेल तर साफ करूनही डाग उरतो. घरी आणलेली लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत ठेवा.