आरोपी तारखेला आला नाही, तर जामीनदाराचे काय?

जामीनदार राहताना कोर्टात सहसा रोख पैसे भरावे लागत नाहीत, म्हणून सही पटकन होते. पण जामीनपत्रावर एक रक्कम लिहिलेली असते. आरोपी हजर राहिला नाही तर ती शासनाला देईन, असे जामीनदाराने कबूल केलेले असते. 1 जुलै 2024 पासून याचे नियम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहेत. जुन्या संहितेतली तरतूद जवळपास तशीच राहिली, कलमांचे आकडे तेवढे बदलले.

जामीनदाराची ओळख, पत्ता आणि ऐपत कोर्टाला पटावी लागते. साधारणपणे आधार कार्ड, रेशन कार्ड आणि फोटो लागतात. ऐपतीसाठी सातबारा, घरपट्टीची पावती किंवा पगारपत्रक. रक्कम मोठी असेल तर तहसीलदारांचे ऐपत प्रमाणपत्रही मागतात. कोणते कागद चालतील हे कोर्टागणिक बदलते, तेव्हा वकिलांना आधीच विचारलेले बरे. आणखी किती जणांना जामीन आहात, हेही कलम 486 प्रमाणे लिहून द्यावे लागते. इथे लपवाछपवी करू नका.

आता मुख्य मुद्दा. आरोपी गैरहजर राहिला आणि हजेरी माफीचा अर्ज नसेल किंवा फेटाळला गेला, तर कोर्ट आरोपीवर वॉरंट काढू शकते. अट मोडल्याची खात्री पटली की कारणे नोंदवून जामीनपत्र जप्त होते. मग कलम 491 खाली जामीनदाराला नोटीस येऊ शकते: रक्कम भरा, नाहीतर का भरू नये ते सांगा. ही नोटीस घरात पडून राहते आणि तिथेच प्रकरण बिघडते. त्या तारखेला स्वतः जा, लेखी खुलासा द्या. आरोपी रुग्णालयात होता, दुसऱ्या गुन्ह्यात तुरुंगात होता, असे काही असेल तर कागद जोडा. आरोपीला नंतर हजर केले म्हणून जबाबदारी आपोआप मिटत नाही. मात्र कोर्ट कारणे नोंदवून रक्कम कमी करू शकते. 50,000 रुपयांच्या जामिनावर 10,000 भरून सुटका होऊ शकते, पण तो जामीनदाराचा हक्क नव्हे.

खुलासा पटला नाही आणि पैसेही भरले नाहीत, तर वसुली दंडासारखी होते, म्हणजे मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. तरीही वसूल झाली नाही, तर जामीनदाराला सहा महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगात ठेवता येते. जामीनपत्र जप्त होण्याआधीच जामीनदार वारला, तर त्याच्या मालमत्तेवर बोजा येत नाही.

आरोपी फोन उचलेनासा झाला, घर बदलले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. जामिनातून मुक्त करावे, असा अर्ज कलम 489 खाली केव्हाही करता येतो. त्यावर कोर्ट आरोपीला आणण्यासाठी वॉरंट काढते. तो हजर झाला की तुमचे जामीनपत्र रद्द होते आणि त्याला नवा जामीनदार द्यावा लागतो. अर्ज दिला म्हणजे लगेच सुटलो, असे नाही. जामीनपत्र आधीच जप्त झाले असेल, तर त्या रकमेतून हा अर्ज वाचवत नाही. पुढच्या तारखा सीएनआर क्रमांकावरून (प्रत्येक खटल्याला मिळणारा स्वतंत्र क्रमांक) ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर दिसतात. जामीन देतानाच तो क्रमांक लिहून घ्या.

कलम 491 खालचा आदेश मान्य नसेल तर अपील आहे: दंडाधिकाऱ्यांचा असेल तर सत्र न्यायाधीशांकडे. अपिलासाठी आदेशाची नक्कल लागते, तिचा अर्ज त्याच दिवशी टाका.